आधी पिंप पितं

मार्च लागला आणि बाबांना बोलावणं आलं.
तेरा वर्षं त्यांनी काकडीच्या लोणच्याची पिंपं बांधली,
आंबट वासाच्या हातांनी आमचा पाव कापला,
कुणी विचारलंच तर म्हणायचे,
"पिंप ते पिंप. आत काय आहे, त्याला कुठं कळतं?"
हे खोटं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

ड्रेक्सलरच्या तळघरात ओकची जुनी पिंपं
कोरडी ठाक उभी होती.
फळ्यांत फटी; फटीतून पलीकडचा कंदील दिसायचा.
बाबांनी ती पाण्यात बुडवली.
एक दिवस. तीन दिवस. नऊ दिवस.
घरी येऊन आजाऱ्याची खबर सांगावी तसं सांगायचे :
"सव्वीस नंबरचं आज फुगलं. एकतीस अजून गळतंय."
आई म्हणाली, बँकेला कुलूप, कोळसा शनिवारपुरता,
आणि हा बाबा लाकडाला पाणी पाजत बसलाय!
"आधी पिंप पितं," ते म्हणाले,
"मग माणूस."

सहा एप्रिलची रात्र. मिलवॉकीत बर्फाचा चिखल.
अर्धं शहर ड्रेक्सलरच्या फाटकाशी,
ट्रकांची रांग, एंजिनं धडधडती,
बँडवाल्यांच्या बाजांची बटणं थंडीनं अडकलेली,
तरी वाजवत होते, जे सूर निघतील ते.
दारूबंदीच्या सभांना पहिल्या बाकावर बसणाऱ्या
क्लोट्झबाई चिनी मातीचा जग घेऊन आल्या होत्या.
"घशासाठी," न विचारताच म्हणाल्या.
कायद्यानं दिलेली बिअर : तीन पूर्णांक दोन दशांश टक्के.
एवढ्यात काय चढणार, असं म्हणणारे
आधीच चढल्यासारखे हसत होते.

फ्लोरियान माझा कोपर धरून उभा.
माझा भाऊ. चोवीस वर्षांचा.
चार वर्षांपूर्वी एका लग्नात
मागच्या खोलीत कुणीतरी पत्र्याचा डबा आणला होता.
दोघं सकाळी उठलेच नाहीत.
फ्लोरियान उठला. म्हणाला, "पडदे उघडा की."
पडदे उघडेच होते.

बारा वाजून एक मिनिट.
ड्रेक्सलरचा भोंगा, मागोमाग सगळ्या गिरण्यांचे, बोटींचे,
मग चर्चच्या घंटासुद्धा, पाद्र्याला विचारून की न विचारता कोण जाणे.
दारावरच्या शिपायानं आधी घड्याळ पाहिलं,
मग टोपी हवेत फेकली.
कुणी रडत होतं. एक म्हातारा ट्रकच्या बॉनेटचे मुके घेत होता.
माणसं पैसे नसलेल्या खिशांत हात घालून नाचत होती.

मी कुणाच्या तरी हातून एक ग्लास ओढून घेतला.
फ्लोरियान म्हणाला, "थांब. आधी रंग सांग."

मी म्हणाले, "मेणबत्तीपुढे धरलेला मध."
"खोटं. इथं मेणबत्ती कुठली? नीट बघ."
मी नीट पाहिलं.
रस्त्याचा दिवा पिवळट. ग्लास धड धुतलेला नाही.
"गढूळ," म्हणाले. "ओल्या पेंढ्यासारखा.
काठावर कुणाच्या तरी लिपस्टिकचा डाग."
"हां," तो म्हणाला, "आता दे."
त्यानं फेसात बोट घातलं, खोली मोजली,
आणि इतका सावकाश प्यायला
की शेजारचे लोक तीनदा भरून आले.
मला वाटलं तो काही बोलेल.
"पातळ आहे," एवढंच बोलला.

बाबा प्यायले नाहीत.
ते फाटकाच्या आत, गाडीवर चढवलेल्या
एकतीस नंबरच्या पिंपाशी ओणवे होते.
खालच्या फळीवरून बोट फिरवलं,
बोट दिव्याकडे धरलं. कोरडं.
तरीही कोटाला पुसलं.

तीनला घरी पोचलो. आईनं कोळशाचा शेवटचा ढीग पेटवला होता,
शनिवारची वाट न पाहता.
सहाला भोंगा पुन्हा झाला.
गल्लीत कुणीतरी अजूनही टाळ्या वाजवल्या,
पण हा कामाचा होता.
बाबा उठले, अंधारातच बूट शोधू लागले,
आणि फ्लोरियाननं, जो झोपलाच नव्हता,
ते त्यांच्या हातात दिले.